पैसे जाण्याआधीचे चोवीस तास

२०२१ च्या सप्टेंबरअखेरीस देशभरातल्या कार्डधारकांच्या फोनवर बँकांचे एकाच आशयाचे संदेश येऊ लागले. १ ऑक्टोबरपासून तुमच्या कार्डावरून दरमहा आपोआप होणारे व्यवहार मंजूर होणार नाहीत. पैसे भरायचे असतील तर त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः भरा. शुक्रवार उजाडला आणि खरोखरच तसे झाले. कुणाचे चित्रपटांचे अ‍ॅप बंद पडले, कुणाची फोटो साठवण्याची ऑनलाइन जागा गोठली, कुणाचा कार्डावरून जाणारा विम्याचा हप्ता अडकला, कुणी एखाद्या संस्थेला दरमहा काही रक्कम देत असे ती देणगी थांबली. समाजमाध्यमांवर रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटे मोडली गेली. जग पुढे चालले आहे आणि मुंबईच्या मिंट रोडवर बसलेली माणसे आपल्याला मागे ओढताहेत, असा त्या तक्रारींचा सूर होता.

तो सूर मला तेव्हाही पटला नव्हता आणि आज तर मुळीच पटत नाही. अ‍ॅपची वर्गणी आपल्या मनाने बंद करण्याचा, ज्याची अंमलबजावणी होऊ शकेल असा हक्क भारतीय माणसाच्या पदरात पडला तो त्या शुक्रवारी. तो दिला बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने. ग्राहक कायदा त्या जागी पोहोचला तो दोन वर्षांनी. या उलट्या क्रमाची कथा बारा वर्षांची आहे.

वर्गणी आपल्याला नवी नाही. मराठी मासिके पोस्टाने घरी येत तेव्हा वर्ष सरत आले की अंकासोबत एक चिठ्ठी असे: या अंकाबरोबर आपली वर्गणी संपली. पुढचे वर्ष हवे असेल तर वाचकाने मनीऑर्डर करायची. नाही केली तर अंक बंद. गप्प बसणाऱ्या वाचकाचा अर्थ ‘नको’ असाच धरला जाई, आणि त्यामुळे कित्येक चांगली मासिके आर्थिक ओढाताणीत राहिली हेही खरे.

अमेरिकेत मात्र याच्या नेमका उलटा हिशेब मांडला गेला. १९२६ मध्ये हॅरी शेरमन यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू केला. दर महिन्याच्या पुस्तकाची सूचना सभासदाला आधी टपालाने जाई. नको असेल तर त्याने तसे उलट टपाली कळवायचे. कळवले नाही की पुस्तक दारात आणि बिल सोबत. इथे मौनाचा अर्थ ‘हो’ असा झाला. पुढे ग्रामोफोन रेकॉर्ड विकणाऱ्या क्लबांनी हीच पद्धत उचलली. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला खास नियम करावा लागला: नकार कळवण्यासाठी ग्राहकाला किमान दहा दिवस मिळालेच पाहिजेत. मोबाइल अ‍ॅपच्या धंद्याने शेरमन यांची युक्ती उचलली आणि टपालाची सूचना तेवढी वगळली.

भारतात ही युक्ती सहज का रुजली नाही, याचे उत्तर एका वेगळ्याच भीतीत आहे. १८ फेब्रुवारी २००९ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले, तेव्हा सबस्क्रिप्शन हा विषय कुणाच्या डोक्यात नव्हता. चिंता होती कार्डाच्या चोरीची. ऑनलाइन खरेदीसाठी लागणारा क्रमांक, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे, सगळे कार्डावरच छापलेले. हॉटेलात बिलासाठी दिलेले कार्ड पाच मिनिटे नजरेआड झाले की ते उतरवून घेता येई. डी. सुब्बाराव तेव्हा गव्हर्नर होते. परिपत्रकाने सांगितले की १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात कार्डावर न छापलेली अशी आणखी एक माहिती ग्राहकाकडून घेतल्याशिवाय बँकेने पैसे सोडू नयेत. सुरुवातीला ती माहिती म्हणजे एक पासवर्ड होता, जो बहुतेक लोक विसरत. पुढे त्याची जागा फोनवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आणि ही तीन अक्षरे गावोगावी बोलीत मिसळून गेली.

पैसे गेल्यावर दाद मागायची हा पाश्चात्त्य बाजारांतला रिवाज होता. तिथे कार्डाचा क्रमांक पुरे, आणि फसवणूक झालीच तर बँकेकडे तक्रार करून पैसे परत मिळवायचे. रिझर्व्ह बँकेने दार आधीच बंद केले. ज्या देशात बँकेच्या एका शाखेत तक्रारीचा अर्ज देण्यासाठी माणसाला अर्धा दिवस मोडावा लागतो, तिथे ‘नंतर परत मिळतील’ या वचनाला किती किंमत असते, हे त्या परिपत्रक लिहिणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

या दाराला पहिला जोराचा धक्का दिला तो टॅक्सीने. २०१३ च्या सुमारास उबर भारतात आली. प्रवासी गाडीतून उतरून सरळ चालू लागे. पैसे त्याच्या साठवलेल्या कार्डावरून आपोआप वळते होत. ओटीपी नाही, काही नाही. हे शक्य होई कारण व्यवहार परदेशातल्या बँकेमार्फत फिरवला जाई. भारतीय माणूस, भारतीय कार्ड, भारतातला रस्ता, आणि पैशाचा हिशेब मात्र सातासमुद्रापार. ज्यांना ओटीपीचा नियम पाळावा लागत होता त्या रेडिओ टॅक्सीवाल्यांनी तक्रार केली. २२ ऑगस्ट २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की वस्तू किंवा सेवा भारतात दिली-घेतली जात असेल तर व्यवहार भारतीय बँकेमार्फत आणि रुपयांतच झाला पाहिजे. मुदत दिली ३१ ऑक्टोबरची. रघुराम राजन तेव्हा गव्हर्नर होते. थोड्याच दिवसांत उबरचे प्रवासी पेटीएमच्या वॉलेटमधून भाडे देऊ लागले.

या प्रसंगात पुढच्या सगळ्या कथेची मेख आहे. रिझर्व्ह बँकेने उबरला एक शब्दही सांगितला नाही. सांगू शकतही नव्हती. टॅक्सी कंपनी तिच्या अधिकारात येत नाही. तिने बँकांना सांगितले. अ‍ॅप कुठल्याही देशातले असो, त्याला भारतीय माणसाचे पैसे हवे असतील तर ते भारतीय बँकेच्या खात्यातूनच यावे लागतात, आणि त्या बँकेचा परवाना मिंट रोडवर असतो.

आता सबस्क्रिप्शनकडे वळू. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले आणि पाठोपाठ मासिक वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपची रीघ लागली. गाणी, व्यायाम, इंग्रजी संभाषण, लग्नाची स्थळे, कुंडली, सगळ्याला दरमहा रक्कम. यातली अडचण अशी की दर महिन्याच्या व्यवहाराला ओटीपी विचारायला ग्राहक समोर नसतो. कंपनीने एकदा साठवलेल्या कार्डावर दरमहा मागणी टाकायची आणि बँकेने ती चुकती करायची, अशी वहिवाट पडली.

ही वर्गणी बंद करायला निघालेल्या माणसाचे हाल ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. आधी अ‍ॅपमध्ये शोधायचे. रद्द करण्याचे बटण ‘सेटिंग्ज’च्या चौथ्या थरात, किंवा कुठेच नाही. मग बँकेला फोन. बँकेचा माणूस म्हणे, हा तुमचा आणि त्या कंपनीचा करार आहे, त्यांच्याकडून बंद करून घ्या. कंपनी म्हणजे एक ईमेलचा पत्ता, तोही परदेशातला. पुन्हा बँक. शेवटचा उपाय म्हणून सांगितले जाई की कार्डच ब्लॉक करा आणि नवे घ्या. दीडशे रुपयांची वर्गणी थांबवण्यासाठी माणसाने आपले कार्ड मोडायचे! आणि बँक अगदीच खोटे बोलत नव्हती. तिच्यापुढे येणाऱ्या मागणीवर ‘ही वर्गणी आहे, ग्राहकाने अमुक दिवशी, अमुक मुदतीपर्यंत मान्य केलेली’ अशी काही खूणच नव्हती. जे दिसत नाही ते ती थांबवणार कसे?

२१ ऑगस्ट २०१९ चे परिपत्रक या प्रश्नाला थेट भिडले. शक्तिकांत दास गव्हर्नर होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. कागद चारसहा पानांचा, भाषा कार्यालयीन. पण मला तो ग्राहकाच्या बाजूने लिहिलेला एक उत्तम दस्तऐवज वाटतो, आणि त्यातली कलमे सावकाश वाचण्यासारखी आहेत.

कार्डावरून पुन्हापुन्हा पैसे घ्यायचे असतील तर आधी ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेकडे त्याची नोंदणी हवी. या नोंदणीला ई-मँडेट म्हटले गेले. नोंदणी करताना ओटीपी लागणार, पहिल्या व्यवहाराला लागणार, अटी बदलायच्या तरी लागणार. रक्कम ठरावीक असेल तर ती आधी सांगायची. बदलती असेल तर जास्तीत जास्त किती, हे ग्राहकाने ठरवायचे. परवानगी किती काळासाठी, तेही नोंदवायचे. त्यानंतर दर वेळी पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेने ग्राहकाला कळवायचे: कोण पैसे घेणार आहे, किती, कधी, कशासाठी, आणि संदर्भ क्रमांक काय. त्या संदेशातच नकार देण्याची सोय हवी. या एका हप्त्याला नकार किंवा सगळ्या मँडेटलाच. पैसे गेल्यावर पुन्हा एक संदेश. मँडेट केव्हाही मागे घेण्याची सोय बँकेने ऑनलाइन द्यायची आणि या साऱ्यासाठी ग्राहकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही. ग्राहकाने परवानगी काढून घेतली की दुकानदाराने त्याच्या कार्डाची माहिती पुसून टाकली पाहिजे, ही जबाबदारी दुकानदाराच्या बँकेवर. ही मोकळीक दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना; त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी.

कागदात अ‍ॅपचा उल्लेख जवळजवळ नाही. रद्द करण्याचे बटण कुठे असावे, किती रंगाचे असावे, यावर एक ओळ नाही. अ‍ॅपने ते बटण सात पडद्यांआड लपवले तरी फरक पडत नव्हता, कारण दुसरे बटण आता बँकेच्या संदेशात होते. अमेरिकेच्या त्या १९७३ च्या नियमातली आगाऊ सूचना इथे परत आली होती. फरक एवढाच की सूचना देण्याचे काम विक्रेत्याकडे न ठेवता, ज्याला ती न देण्यात काही लाभ नाही अशा तिसऱ्याकडे सोपवले गेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

निर्णय झाला, अंमलाचे मात्र घोंगडे भिजत पडले. परिपत्रक १ सप्टेंबर २०१९ पासून लागू होते. जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही ते लागू केले गेले. जुने व्यवहार जुन्याच पद्धतीने चालत राहिले. बँका म्हणत, दुकानदारांनी आधी यंत्रणा बदलावी. दुकानदार म्हणत, बँका तयार नाहीत तर आम्ही बदलून काय करू. खरे तर यात बरीच मंडळी गुंतली होती: ग्राहकाची बँक, दुकानदाराची बँक, मधले पेमेंट गेटवे, कार्डांची जाळी. साऱ्यांना एकाच वेळी एकमेकांशी बोलता येईल अशी मँडेटची वही कुणीतरी उभारायला हवी होती. बिलडेस्क, रेझरपे अशा कंपन्यांनी ते काम हाती घेतले ते बरेच उशिरा.

४ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने मर्यादा दोन हजारांवरून पाच हजार केली आणि सोबत बजावले की नियमात न बसणारे व्यवहार ३१ मार्च २०२१ नंतर चालणार नाहीत. ही मुदत बँकांच्याच संघटनेने, इंडियन बँक्स असोसिएशनने, मागून घेतली होती. ३१ मार्च आला तेव्हाही तयारी अपुरीच. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने काढलेले निवेदन तिच्या नेहमीच्या संयत भाषेच्या मानाने बरेच कडक आहे. नियम न पाळल्याची गंभीर दखल घेतली आहे, ग्राहकांची गैरसोय होऊ नये म्हणून सहा महिने देत आहोत, यापुढे विलंब झाला तर कठोर कारवाई होईल, असा त्याचा आशय. मोठ्या कंपन्या त्यानंतर जाग्या झाल्या. अ‍ॅमेझॉनने त्या वसंतात भारतातले प्राइमचे मासिक सदस्यत्व आणि मोफत चाचणी काही काळ बंदच ठेवली. गूगलने यूट्यूबच्या सशुल्क सदस्यत्वासाठी आपोआप नूतनीकरणाची नवी नोंदणी थांबवली. नेटफ्लिक्सने यूपीआयचा ऑटोपे स्वीकारला. मग आला १ ऑक्टोबर.

त्या महिन्यात नुकसान झाले, आणि ते सगळ्यांचे सारखे झाले नाही, हे सांगितलेच पाहिजे. मोठ्या कंपन्यांकडे वकील होते, तंत्रज्ञ होते, वाट पाहण्याइतका पैसा होता. मारला गेला तो लहान. वाचकांच्या वर्गणीवर चालणारी स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळे, मासिक देणग्यांवर तगलेल्या सामाजिक संस्था, परदेशी सर्व्हरचे भाडे कार्डाने भरणारा पुण्या-नाशिकचा एकटा-दुकटा प्रोग्रामर. ज्यांचे ग्राहक खुशीने पैसे देत होते त्यांचेही धागे एका रात्रीत तुटले आणि प्रत्येकाला पुन्हा विनवावे लागले. अ‍ॅपलने तर २०२२ मध्ये भारतातल्या खात्यांसाठी कार्ड घेणेच थांबवले आणि यूपीआय, नेटबँकिंग किंवा आगाऊ भरलेल्या शिल्लक रकमेकडे लोकांना वळवले. दोन वर्षे हातावर हात धरून बसलेल्या बँकांच्या दिरंगाईचा दंड या लहान मंडळींनी भरला. रिझर्व्ह बँकेने लहान संस्थांसाठी वेगळी उसंत ठेवायला हवी होती, असे मला वाटते. नियम चूक होता असे मात्र वाटत नाही.

कारण पुढचे आकडे काय सांगतात ते पाहा. ८ जून २०२२ रोजी दास यांनी मर्यादा पंधरा हजारांवर नेली, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार या चौकटीत सव्वासहा कोटींहून अधिक मँडेट नोंदले गेले होते आणि त्यांत ३,४०० हून अधिक परदेशी व्यापारी होते. ‘भारतासाठी वेगळी यंत्रणा कोण उभारणार’ म्हणणाऱ्या जगाने आठ महिन्यांत ती उभारली होती. डिसेंबर २०२३ मध्ये आकडा साडेआठ कोटींवर गेला होता आणि दरमहा सुमारे २,८०० कोटी रुपयांचे व्यवहार या मार्गाने होत होते. त्याच वेळी म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी मर्यादा एक लाख झाली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये फास्टॅगच्या आपोआप भरण्याला चोवीस तासांच्या सूचनेतून सूट मिळाली, जी योग्यच होती. टोलनाक्यावर उभ्या गाडीला उद्याचा मुहूर्त सांगून कसे चालेल?

पण चोरवाट शोधणाऱ्यांनी ती याच काळात शोधली. जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आला होता. मुंबईतल्याच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची ही व्यवस्था. कार्ड नको, पिन टाकला की मँडेट तयार. कार्ड नसलेल्या कोट्यवधी लोकांना त्याने सोय दिली, आणि अ‍ॅपवाल्यांनाही दिली. आज मनोरंजनाची, ज्योतिषाची, अभ्यासाची कितीतरी अ‍ॅप असा पडदा दाखवतात: वर ठळक अक्षरांत ‘फक्त १ रुपयात सुरू करा’, खाली फिक्या राखाडी रंगात सात दिवसांनंतरची खरी मासिक किंवा तिमाही रक्कम. माणूस एक रुपया देतो आहे असे समजून पिन टाकतो. प्रत्यक्षात त्या पिनने तो हजारो रुपयांच्या कमाल मर्यादेचे मँडेट मान्य करत असतो, कारण ती मर्यादा अ‍ॅपने आधीच भरून ठेवलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सगळे बिनचूक: पिन घेतला, मर्यादा दाखवली, चोवीस तास आधी संदेशही पाठवला. पडद्यावर किंमत कशी मांडली याकडे बँकांचा नियंत्रक पाहू शकत नाही. ते काम ग्राहक कायद्याचे.

त्या कायद्याची मुळे आपल्या मातीत खोल गेलेली आहेत. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली; पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला तो अशा चळवळींच्या रेट्यातून. तो कायदा मापात पाप, भेसळ, खोटी जाहिरात यांच्याशी लढण्यासाठी घडला होता. ऑनलाइन बाजाराचा विचार करून २०१९ चा नवा कायदा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि चार दिवसांनी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले.

२०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने अ‍ॅप आणि संकेतस्थळांतल्या फसव्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले होते. आपल्याकडे त्यावर सरकारी पातळीवर गंभीर चर्चा झाली ती २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत, जाहिरात मानक परिषदेच्या साथीने. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. तेरा प्रकारची फसवी मांडणी त्यात नाव घेऊन सांगितली आहे. त्यांतला एक सबस्क्रिप्शनचा सापळा: रद्द करणे अशक्य किंवा किचकट करून ठेवणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, मोफत सेवेसाठीही आधी पैशाची माहिती किंवा आपोआप कापण्याची परवानगी मागणे, रद्द करण्याच्या सूचना गोंधळाच्या ठेवणे. मोफत चाचणी संपून पैसे सुरू होताना न कळवणे, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे, यांचीही नोंद वेगळी आहे.

व्याख्या उत्तम आहेत. एक रुपयाचा तो पडदा त्यांत नेमका बसतो. पण २०१९ च्या त्या परिपत्रकात जो दम होता तो इथे नाही, कारण इथे नियम मोडणाऱ्याला आधी कुणीतरी पकडावे लागते. अ‍ॅप हजारो, प्राधिकरण एक. जून २०२५ मध्ये सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचीच तपासणी करून आपल्यात डार्क पॅटर्न नाहीत असे जाहीर करावे, असा सल्ला दिला. नोव्हेंबरपर्यंत २६ कंपन्यांनी तशी घोषणापत्रे दिली. ज्याने बटण लपवले त्यालाच विचारायचे की बटण सापडते का, या पद्धतीवर माझा विश्वास नाही.

विक्रेत्याच्या मागे धावणारा मार्ग किती दमवणारा असतो हे अमेरिकेत दिसले. जून २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. आरोप असा की प्राइम घ्यायला एक-दोन क्लिक पुरत आणि सोडायला चार पाने, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीत या रद्द करण्याच्या वाटेचे अंतर्गत नाव ‘इलियड’ होते, त्या लांबलचक ट्रोजन युद्धाच्या महाकाव्यावरून. खटला सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने दोष मान्य केला नाही. दरम्यान कमिशनने, लीना खान अध्यक्ष असताना, ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांसाठी नियम केला होता: सदस्यत्व जितक्या सहज घेता येते तितक्याच सहज सोडता आले पाहिजे. ८ जुलै २०२५ रोजी, तो पूर्ण अमलात येण्याच्या काही दिवस आधी, अपील न्यायालयाने तो रद्द केला. कारण तांत्रिक: आर्थिक परिणामांचा प्राथमिक अहवाल आधी काढायला हवा होता, तो काढला नाही. जगातला सर्वांत बळकट ग्राहक नियामक एका बटणासाठी न्यायालयात हरला, आणि आपल्याकडे एका केंद्रीय बँकेने ते बटण बँकांच्या संदेशात आधीच ठेवले होते.

म्हणून एक रुपयाच्या सापळ्यावरचा इलाजही पैशाच्या वाटेवरच शोधावा असे मला वाटते. मँडेटची कमाल मर्यादा अ‍ॅपने न भरता ग्राहकाने स्वतः भरावी. चाचणीनंतरची खरी रक्कम पिनच्या पडद्यावर, एक रुपयाइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसावी. हे पडदे अ‍ॅपचे नसतात, यूपीआयचे असतात. ते बदलायला हजारो कंपन्यांच्या मागे लागावे लागत नाही. दिशा तीच आहे: २०२५ मध्ये पेमेंट्स कॉर्पोरेशनने आपले सगळे मँडेट कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमधून एकत्र पाहता यावेत अशी सोय करायला सांगितले. कुठल्या अ‍ॅपने कधी परवानगी घेतली होती हे विसरलेल्या माणसाला आता निदान यादी तरी मिळेल.

आणखी एक गोष्ट तर नव्याने मागायचीही गरज नाही. २०१९ च्या त्या परिपत्रकातच लिहिले आहे की पैसे कापण्याआधीची सूचना स्पष्ट, निःसंदिग्ध आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत असावी. परिपत्रक ज्यांना उद्देशून होते त्यांत नागरी सहकारी बँका होत्या, जिल्हा मध्यवर्ती बँकाही होत्या. म्हणजे सांगली-सोलापूरचा खातेदार त्यात धरलेला होता. माझ्या फोनवर असे संदेश आजही इंग्रजीत येतात, आणि ओळखीपाळखीत ज्यांना ज्यांना विचारले त्यांचेही तसेच. ‘युवर मँडेट विल बी एक्झिक्यूटेड’ असे रोमन लिपीत आलेले वाक्य वाचून निवृत्त शिक्षकही तो जाहिरातीचा संदेश समजून पुसून टाकतात, आणि नकार देण्याचे चोवीस तास निघून जातात. बँकेच्या एटीएमवर पहिल्याच पडद्याला भाषा विचारली जाते, मराठी निवडता येते. मँडेट नोंदवताना हा प्रश्न विचारला जात नाही. ज्या बँका महाराष्ट्रात शाखा उघडून मराठीत ठेवी मागतात त्यांच्याकडे ग्राहकांनी हे लेखी मागावे. शाखेने हात वर केले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, परिपत्रकाची तारीख अर्जात लिहून: २१ ऑगस्ट २०१९.